धनको

नाझर शाखेच्या खिडकीचा एक गज
कोणीतरी कधीचाच नेला आहे.
त्या फटीतून लोक हात आत घालतात, पैसे ठेवतात,
मी पावती फाडतो. बावीस वर्षं झाली, वेंगुर्ल्यातच.

दरखास्त क्रमांक एकतीस.
ऋणको : गजानन ऊर्फ बाबली केळुसकर, धंदा खलाशी.
धनको : हेमलता गजानन केळुसकर.
थकलेली पोटगी, एकोणतीस महिन्यांची.

कागदावर ती धनको.
चपलेचा अंगठा सेफ्टीपिनेने धरलेला,
बोटांची टोकं काजूच्या चिकाने काळी,
एक सोललेलं, त्याला खोबरेल लावलेलं.
नोटा मोजताना ती ते बोट वर धरायची.

बाबलीने दोनदा हमी लिहून दिली होती.
पहिली : नारळी पुनवेनंतर होड्या सुटल्या की.
दुसरी : बांगडा लागला की.
बांगडा लागला. निवतीला रात्रभर टेम्पो भरत होते.
बेलीफ धोंडूला तो बंदरावर भेटला,
दोघांनी चहा घेतला, असं धोंडूनेच मला सांगितलं,
अहवालात ‘ऋणको मिळून आला नाही’ असं लिहिता लिहिता.

मग नवे साहेब आले, लातूरकडचे.
त्यांना मासे खाता येत नाहीत, पण कागद वाचता येतात.
हमी मोडणं हा न्यायालयाचा अवमान आहे, म्हणाले,
आणि बाबलीचा हात टोपी काढायला डोक्याकडे गेला.
टोपी नव्हतीच. हात तिथेच राहिला थोडा वेळ.

तीन महिने दिवाणी कैद. सावंतवाडी.

दुपारी ती खिडकीशी.
मी सांगितलं : कैदेतला जेवणभत्ता, रोजचे ऐंशी,
महिन्याचे चोवीसशे, आगाऊ.
“म्हणजे आता मियां त्येका जेवाक घालूचा?”
कायदा आहे बाई, कैद मागणाऱ्याने भरायचा.
“साहेबान तर सांगल्यान, अपमान कोर्टाचो झालो.
मगे कोर्टान घालूक नको जेवाक?”

मी चष्मा पुसला.
अवमानाची बाब वेगळी, ती वरच्या कोर्टात जाते,
ही दरखास्त वसुलीची, तिचे नियम वेगळे,
हे सगळं मला सांगता आलं असतं.
सांगितलंही.

ती पावतीच्या पाठीवर गणित करत होती.
अठराशे भागिले तीस.
“चेडवाक आणि माका मिळान साठ.
त्येका एकट्याक ऐंशी.”
आणि हसली. टोपलीतून कुर्ली निसटली
की बाजारातल्या बायका हसतात, तशी.
चोवीसशे भरले. बहुतेक दहा-दहाच्या नोटा.

महिनाअखेरीस पुन्हा आली.
या खेपेस सहाशे चाळीस. आठ दिवसांचे.
मी म्हटलं, पुऱ्या महिन्याचे लागतात.
“माका कधी गावले पुऱ्या म्हयन्याचे?”

त्या दिवशी माझा पगार झाला होता. पाकीट खिशात होतं.
मला नियम आठवला.
बरं झालं आठवला, असं तेव्हा वाटलं.
सहाशे चाळीस तिने पुन्हा रुमालात बांधले
आणि फाटकाबाहेर पोराटोरांच्या रिक्षेत बसून गेली.
‘धनकोने भत्ता न भरल्याने ऋणकोस मुक्त करावे.’
अक्षर माझं चांगलं आहे, सगळे म्हणतात.

चौथ्या दिवशी बाबली खिडकीत.
दाढी केलेली, गाल जरा भरलेले.
“थकलेले फिटले मां आता?”
नाही म्हटलं. कैदेने पैसे फिटत नाहीत.
एक महिना वाढलाय, आणि वर भत्त्याचे चोवीसशे,
ते खर्चात धरलेत, तेही तुझ्याकडून येणं.
“भत्तो? तो सरकार देता मां?”

मी रजिस्टर फिरवून त्याच्यापुढे धरलं.
सही वाचायला त्याला वेळ लागला.
ती लग्नाआधीसारखी सही करते, फक्त हेमलता.

तो काही बोलला नाही.
तुटक्या गजाच्या फटीतून त्याचा हात आत आलेला होता,
रिकामा, तळवा वर,
जाळं ओढून ओढून घट्टे पडलेला,
जसं काही मीच त्याला द्यायचं होतं.
मागे रांग होती.
मी म्हटलं, पुढे चला.